मोजणीचे टेबल

रविवारची सकाळची मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, आटोपली, की चर्चच्या डाव्या अंगाच्या लहानशा खोलीत एक लांब टेबल मधोमध ओढले जाते, त्यावर जुनी हिरवी चादर अंथरली जाते आणि अर्पणाच्या वेळी बाकांमधून फिरलेल्या कापडी पिशव्या तिच्यावर उलट्या केल्या जातात. मी 31 वर्षे एका बँकेत रोखपाल होते. त्या काळात माझ्या हातांखालून किती रक्कम गेली, हे मला सांगता येणार नाही. परंतु या टेबलावर येणारा पैसा मला लक्षात राहतो, कारण तो ज्या स्थितीत येतो, त्यावरून देणाऱ्याचा हात दिसतो. पाचशेची नोट बहुधा सरळ येते. दहाची नोट मात्र चार-पाच घड्या घालून नखाएवढी केलेली असते, मुठीत घट्ट धरलेली असते आणि पिशवीत सोडताना ती शेजारच्याला दिसू नये, याची काळजी घेतलेली असते. ती उलगडताना घामाचा ओलावा बोटांना लागतो आणि पावसाळ्यात तर ती चादरीवर पसरून पंख्याखाली वाळवावी लागते. एकदा अशा घडीतून मोगऱ्याची सुकलेली पाकळी निघाली होती. एकदा वहीच्या पानात गुंडाळलेले पाच रुपयांचे नाणे आले होते आणि त्या पानावर पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘आजी बरी होऊ दे.’ नाणे आम्ही मोजणीत घेतले, पान फादरांना दिले आणि पुढच्या रविवारच्या मिस्सेत त्या नाव नसलेल्या आजीसाठी प्रार्थना झाली.

माझ्या धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या वस्तीचे, नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने वसलेल्या उपनगरांपैकी, म्हणजे नोडांपैकी, एका नोडमध्ये, सिडकोच्या वसाहतीत, तो आहे एवढे पुरे. असे टेबल वाशीपासून पनवेलपर्यंत आणि खाडीपलीकडे ठाण्यातही दर रविवारी कुठे ना कुठे मांडलेले असते.

मोजणीचे आमचे नियम साधे आहेत. एका वेळी किमान तीन माणसे बसतात आणि त्यांपैकी कोणतेही दोघे एका घरातले नसतात. रक्कम शाईच्या पेनाने लिहिली जाते, खाडाखोड झाली तर तिथे तिघांच्याही सह्या होतात, मोजणी पूर्ण होईपर्यंत कोणी खोलीबाहेर जात नाही आणि पिशवी बंद झाली, की ती सोमवारी बँकेतच उघडते. दोन वर्षांपूर्वी आमच्यात नव्याने आलेल्या एका तरुणाने मला विचारले होते, “मावशी, आपण सगळे एका वेदीभोवतीचे, मग आपल्याच माणसांवर एवढा पहारा कशाला?” त्याचा प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून मी त्याला घरी जाऊन करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय वाचायला सांगितले. यरुशलेममधल्या गरीब बांधवांसाठी, हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने ठिकठिकाणच्या मंडळ्यांमधून वर्गणी जमवली होती. ती पोहोचवताना त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू पाठवला आणि कारणही लिहून ठेवले: एवढ्या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेत कोणी आपल्यावर दोष ठेवू नये आणि प्रभूच्या दृष्टीने जे चांगले, ते माणसांच्याही दृष्टीने चांगले असावे. ज्या माणसाने देवासाठी तुरुंग सोसला, त्यालाही पैशाची पिशवी एकट्याने वाहू नये असे वाटले. नियम प्रामाणिक माणसाचे रक्षण करतात, हे मी बँकेत शिकले होते. ते पवित्र शास्त्रात लिहिलेले आहे, हे मला या टेबलावर बसू लागल्यानंतर उमगले.

इंग्रजी मिस्सेच्या प्रवचनांत ‘स्टुअर्डशिप’ हा शब्द वारंवार येतो. आमच्या मराठी बायबलने त्यासाठी घेतलेला शब्द आहे कारभारी आणि तो मला अधिक जवळचा वाटतो. माझे माहेर तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातले. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मारिया हिची, यात्रा भरते, त्या परिसरातले. आमच्याकडे बायका नवऱ्याला कारभारी म्हणत आणि मोठ्या वाड्यावरचा देण्याघेण्याचा हिशेब पाहणाराही कारभारीच असे. घर चालवणे आणि हिशेब ठेवणे या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात राहतात. वाड्यावरच्या कारभाऱ्याचे तर काहीच स्वतःचे नसते आणि तरीही जबाबदारी सगळी त्याचीच असते. लूकच्या शुभवर्तमानातल्या सोळाव्या अध्यायात धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावतो आणि त्याच्याकडे पहिली मागणी करतो ती कारभाराच्या हिशेबाची. स्टुअर्डशिपवरील प्रवचनांत ‘द्या’ हे क्रियापद जितके येते, तितके ‘हिशेब सांगा’ हे येत नाही, असे माझे निरीक्षण आहे आणि त्याचे मला दुःख आहे.

माझी आजी चुलीशेजारी पत्र्याचा एक डबा ठेवत असे. भाकरीसाठी पीठ मळायला घेण्यापूर्वी ती त्यातले मूठभर त्या डब्यात टाकी आणि महिनाअखेर धर्मशिक्षण देणारे कॅटेकिस्ट मास्तर आले, की तो डबा त्यांच्या पिशवीत रिता करी. दुष्काळातल्या एका वर्षी मूठ लहान झाली, पण थांबली नाही. त्या पिठाचे पुढे काय होते, हे आजीला पक्के ठाऊक असे, कारण ते गावातल्याच एका लुळ्या म्हाताऱ्याच्या आणि एका बाळंतिणीच्या घरी जाई आणि ती दोन्ही घरे तिच्या दारातून दिसत. शहरात आल्यावर हे दिसणे बंद होते. दोन हजार घरांच्या धर्मग्रामात पिशवीत टाकलेली दहाची नोट कोणाच्या ताटात पोहोचली, हे देणाऱ्याला दारात उभे राहून पाहता येत नाही, म्हणून ते त्याला कोणीतरी कागदावर दाखवावे लागते. वार्षिक हिशेबाच्या पत्रकाकडे मी या अर्थाने पाहते. आजीला दारातून जे दिसत असे, ते या पत्रकाने दाखवायचे असते.

चर्चच्या कायद्याचेही म्हणणे याहून वेगळे नाही. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कॅनन कायद्यात धर्मग्रामासंबंधी दोन मंडळांचा उल्लेख शेजारी-शेजारी आहे. 536 व्या कलमातली पाळकीय परिषद बिशपांना योग्य वाटल्यास स्थापन करायची असते आणि तिचे मत सल्ल्यापुरते असते. 537 व्या कलमातली अर्थ समिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. ही सक्ती नेमकी पैशाच्या बाबतीत ठेवावीशी वाटली, यात मला मानवी स्वभावाचे मोठे ज्ञान दिसते. 1284 वे कलम व्यवस्थापकाकडून चांगल्या गृहस्थाच्या काळजीची अपेक्षा करते आणि 1287 वे कलम सांगते की, श्रद्धावंतांनी दिलेल्या मालमत्तेचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा. त्याखेरीज महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या न्यासांना हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला जबाब द्यावा लागतो. एवढे सगळे असूनही चूक होते आणि आमच्याकडची चूक माझ्या सहीने झाली.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ 60,000 रुपये दिले होते. ती आई आयुष्यभर शिक्षिका होती, म्हणून ही रक्कम वस्तीतल्या गरजू मुलांच्या शाळेच्या फीसाठी, जातधर्म न पाहता वापरावी, असे त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिले होते. त्याच वर्षी मे महिन्यात सभागृहाचा स्लॅब गळू लागला होता, पाऊस तोंडावर होता आणि वॉटरप्रूफिंगवाल्याने आगाऊ रक्कम मागितली होती. बँकेतल्या एकत्रित शिल्लकीत पैसे दिसत होते. आत्ता यातून देऊ आणि सणाच्या देणग्या आल्या की भरून काढू, असे बैठकीत ठरले; व्हाउचरवर दोन सह्या झाल्या आणि त्यांतली एक माझी होती. कोणी एक रुपयाही खिशात घातला नव्हता. स्लॅबचे काम खरोखरच गरजेचे होते आणि ते चांगले झाले.

जूनमध्ये शाळा उघडल्या. घरोघरी स्वयंपाकाची कामे करणारी एक बाई मुलीच्या फीची पावती घेऊन कार्यालयात आली आणि तिला पुढच्या महिन्यात या, असे सांगितले गेले. पुढच्या महिन्यातही तेच उत्तर मिळाले. ऑगस्टमध्ये आमच्या विभागाच्या प्रार्थनासभेत मी तिच्या शेजारी बसले होते. तिच्या कानांत नेहमीच्या कुड्यांऐवजी झाडूच्या काड्या होत्या. भोके बुजू नयेत म्हणून बायका काड्या घालतात, हे मला माहीत होते, तरी मी विचारले आणि तिने तक्रारीचा सूर न लावता सांगितले की, कुड्या गहाण ठेवून फी भरली, दिवाळीत सुटतील. त्या रात्री मला झोप आली नाही. बँकेत असताना एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्याच्या कामाला मी एक दिवसही वापरू दिली नसती, आणि चर्चमध्ये, सगळे आपलेच आहे या भावनेने, मी सही करून मोकळी झाले होते. विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरता येते, असे 1267 वे कलम सांगते. ते मी नंतर वाचले. पण हे कळायला कलमाची गरज नव्हती.

मी अर्थ समितीला पत्र लिहिले आणि पहिला दोष स्वतःचा लिहिला. आमच्या तेव्हाच्या फादरांबद्दल मला आजही आदर वाटतो तो यासाठी की, त्यांनी ते पत्र दडपले नाही. पुढच्या रविवारी, पिशव्या फिरण्यापूर्वी, त्यांनी वेदीजवळ उभे राहून काय घडले ते तीनही मिस्सांमध्ये सांगितले, देणगीदार कुटुंबाची जाहीर क्षमा मागितली आणि त्या वर्षीच्या सणाची रोषणाई व जेवण निम्म्यावर आणून ही रक्कम भरून काढली जाईल, असे जाहीर केले. काही जणांना हे आवडले नाही. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणल्याने लोक देणे बंद करतील, असे एका ज्येष्ठ सदस्यांनी मला तोंडावर सांगितले होते. लोकांनी देणे बंद केले नाही. ऑक्टोबरअखेर 60,000 रुपये शिक्षण निधीत परत आले, त्या बाईला फीची रक्कम मिळाली आणि तिच्या कुड्या दिवाळीआधी सुटल्या. तेव्हापासून प्रत्येक हेतूसाठी स्वतंत्र खातेवही आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा, खर्च व शिल्लक यांचा कागद दारालगतच्या फलकावर लागतो.

विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे मंदिराच्या भांडारात आपली होती नव्हती ती दोन क्षुद्र नाणी टाकणाऱ्या गरीब बाईची, गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि देणगीचे आवाहन करायचे असले, की तीच वाचली जाते. मार्कच्या बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या अगदी आधीचे वचन मात्र क्वचितच कोणी त्या बरोबर वाचतो. तिथे येशू शास्त्र्यांविषयी सांगतो की, ते विधवांची घरे गिळंकृत करतात आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. त्यानंतर तो भांडारासमोर बसतो आणि त्याला ती बाई दिसते. ही दोन वचने एकमेकांना लागून आहेत, म्हणून ती गोष्ट देणाऱ्यांइतकीच भांडार सांभाळणाऱ्यांना सांगितलेली आहे, असे मला त्या ऑगस्टपासून ठामपणे वाटते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातही पहिल्या मंडळीतली पहिली मोठी कुरबुर वाटपावरून झाली होती. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा रोजच्या वाटणीत राहून जात होत्या, म्हणून चांगल्या लौकिकाची सात माणसे निवडली गेली. कोणाची विधवा कोणत्या भाषेची म्हणून यादीतून सुटते, हा प्रश्न तेव्हाही होता आणि नवी मुंबईत, जिथे एकाच चर्चमध्ये इंग्रजी, मल्याळम, कोकणी, तमिळ आणि मराठी बोलणारी कुटुंबे येतात, तिथे तो आजही आहे. मराठी मिस्सेला बहुतेक ठिकाणी गैरसोयीची वेळ मिळते, हे मी इथे एका वाक्यात नोंदवते. तो स्वतंत्र विषय आहे.

यादीतून कोणी सुटू नये, याची खरी राखण चर्चच्या कार्यालयातून होत नाही, ती होते विभागांमधून. मुंबई महाधर्मप्रांतात, ज्यात ठाणे आणि नवी मुंबई येतात, छोट्या ख्रिस्ती समूहांची पद्धत आता चांगली रुजली आहे. आमचा समूह तीन सोसायट्यांतल्या 22 घरांचा आहे. एवढीच घरे का, असे कोणी विचारले, की मला ठाण्याचीच एक जुनी गोष्ट आठवते. 1321 साली ठाण्यात मृत्यू आलेल्या फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाच्या चार प्रवाशांची हकिकत ओदोरिक नावाच्या संन्याशाने काही वर्षांनी सांगून लिहवून घेतली, तिच्यात त्या काळी ठाण्यात नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती लोकांची 15 घरे होती, असे तो सांगतो. परक्या देशातून आलेल्या त्या चौघांना त्यांपैकीच एका घराने आसरा दिला होता. चर्चची इमारत, समिती, फलक यांपैकी काहीही हाताशी नसताना 15 घरांना अनोळखी माणसांची सोय करता येत होती, कारण कोणाच्या घरी जागा आहे, हे त्यांना एकमेकांना विचारता येत होते.

2020 च्या मार्चमध्ये चर्चचे दार बंद झाले आणि राज्यातली प्रार्थनास्थळे 16 नोव्हेंबरला पुन्हा उघडली. तेवढे आठ महिने मोजणीचे टेबल भिंतीला टेकून उभे होते. त्या काळात आमच्या समूहाच्या प्रमुख असलेल्या बाईंची दोनशे पानी वही हेच आमचे भांडार होते. तिच्यात प्रत्येक घराला एक पान होते आणि पानावर घरातली माणसे, त्यांचे काम सुरू आहे की सुटले, कोणाला मधुमेहाच्या गोळ्या लागतात, कोणते घर मागणार नाही पण ज्याला विचारले पाहिजे, असे सगळे लिहिलेले असे. शेवटच्या प्रकारच्या घरांच्या पानावर त्या कोपऱ्यात एक छोटा क्रूस काढत. तांदूळ, तूरडाळ, तेल आणि चहापत्ती यांची पिशवी त्या घरांच्या दाराबाहेर ठेवली जाई, बेल वाजवली जाई आणि देणारा जिना उतरून जाई. शेजारच्या सोसायटीतल्या तीन बिगरख्रिस्ती कुटुंबांची पानेही त्या वहीत होती. पैसे आम्ही आपापसांत जमवले होते आणि त्याचा हिशेब त्याच वहीच्या मागच्या बाजूने, उलटीकडून, लिहिला होता. वहीच्या मध्यावर माणसांचा हिशेब आणि पैशांचा हिशेब एकमेकांना येऊन भिडले, तेव्हा बाईंनी दुसरी वही आणली.

आता टेबल पुन्हा मांडले जाते. अलीकडे पिशव्या पूर्वीपेक्षा हलक्या येतात, कारण दाराशी क्यूआर कोड लावला आहे आणि पगारदार माणसे फोनवरूनच देतात. घड्या घातलेल्या दहाच्या नोटा मात्र कमी झालेल्या नाहीत.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजणी संपवून मी बाहेर आले, तेव्हा आमच्या मिस्सेला दर रविवारी येणाऱ्या, फुलांचे गजरे विकणाऱ्या एक म्हाताऱ्या मावशी फलकासमोर उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. कागदाच्या अगदी जवळ जाऊन त्या बोटाने एकेक ओळ चाचपत होत्या.

“बाई,” त्या मला म्हणाल्या, “ती पोरांच्या फीची ओळ कुठली?”

मी त्यांचे बोट धरून शिक्षण निधीच्या ओळीवर ठेवले आणि वाचून दाखवले: या वर्षी 14 मुलांना 70,000 रुपये दिले.

“आन् उरलं किती?”

“11,400.”

त्यांनी तो आकडा माझ्यामागून दोनदा म्हटला, पदर खोचला, टोपली उचलली आणि गेटाबाहेरच्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या.